वही कोणी जाळली, अब्रू कोणाची वाचली?

१७ मे १८२४, सोमवार. लंडनच्या आल्बेमार्ल स्ट्रीटवर ५० नंबरच्या घरात, प्रकाशक जॉन मरेच्या दिवाणखान्यात काही मंडळी जमली होती. दोघे जण एका हस्तलिखिताची पानं फाडून शेगडीत टाकत होते, बाकीचे बघत होते. मरेचा सोळा वर्षांचा मुलगाही तिथंच उभा होता. मूळ प्रत जळाली, तिची करून ठेवलेली नक्कलही जळाली. इंग्रज कवी लॉर्ड बायरन ग्रीसमध्ये मिसोलोंगीला तापानं वारला तो १९ एप्रिलला, आणि ती बातमी लंडनला पोचली १४ मे रोजी. म्हणजे बातमी येऊन जेमतेम तीन दिवस झाले होते. आपल्याकडे कपाटाच्या किल्ल्यांवरून भांडायलासुद्धा तेरावा होऊ देतात.

जे जळालं ते बायरननं स्वतः लिहिलेलं आत्मकथन होतं. १८१९ साली व्हेनिसजवळ त्यानं ते मित्राच्या, कवी थॉमस मूरच्या, हातात दिलं होतं. माझ्या हयातीत छापू नकोस, नंतर काय करायचं ते कर, असं सांगून. मूर कायम पैशाच्या ओढाताणीत. त्यानं १८२१ साली ते दोन हजार गिनींना मरेला विकलं. हा सौदा बायरनला ठाऊक होता, त्याची ना नव्हती.

आता त्या खोलीत कोण काय म्हणत होतं ते बघा. जाळून टाकण्याचा सर्वांत जास्त आग्रह धरणारे दोघे, मरे आणि बायरनचा केंब्रिजपासूनचा मित्र जॉन कॅम हॉबहाउस. दोघांनीही त्यातलं एक पान वाचलेलं नव्हतं. पानं फाडणारे दोघे होते विल्मट हॉर्टन आणि कर्नल डॉइल. एक बायरनच्या सावत्र बहिणीच्या, ऑगस्टाच्या, वतीनं आलेला, दुसरा बायरनच्या बायकोच्या, ॲनाबेलाच्या. या दोघींनीही ते वाचलेलं नव्हतं. ॲनाबेलाला तर बायरननं स्वतः पत्र लिहून कळवलं होतं की वाच, खोटं वाटेल तिथं खूण कर. तिनं नकार दिला. मरेच्या सल्लागारानं वाचून वाईट शेरा दिला होता, हे खरं. पण ज्यानं ती वही वर्षानुवर्षं जवळ बाळगली होती, पॅरिसमध्ये कितीतरी जणांना वाचायला दिली होती, तो मूर म्हणत होता, सगळी जाळू नका, खटकेल तेवढं काढा. त्याचं कोणी ऐकलं नाही. वर मरेचे दोन हजार गिनी त्यानं कर्ज काढून परत केले.

माझं म्हणणं सरळ आहे. मेलेल्या माणसाची कागदपत्रं जाळण्याचा अधिकार मित्रांना नाही, नातेवाइकांना नाही, प्रकाशकाला तर नाहीच. कुलूप लावा. पन्नास वर्षं लावा, ऐंशी वर्षं लावा. काडी लावू नका.

यावर लगेच येणारं उत्तर मला ठाऊक आहे, कारण ते माझ्याच घरात घडलं आहे. आजोबा गेले त्या वर्षी आजीनं ट्रंकेतून पत्रांचा एक गठ्ठा काढला. नाडीनं बांधलेला. लग्नानंतर आजोबा नोकरीला परगावी होते तेव्हाची ती पत्रं, असं आई म्हणायची. आजीनं सकाळी बंब पेटवला आणि एकेक पत्र आत सरकवलं. पाणी तापलं, मी त्याच पाण्यानं आंघोळ केली. मी दहा वर्षांचा होतो आणि मला फक्त एवढंच आठवतं की ती एकही पत्र उघडून न बघता घालत होती. आमच्या घरी मृत्यूची बातमी आणणारं कार्डही वाचून होताच फाडत, तारेला लावत नसत. त्यामुळे कागद नष्ट करणं यात मला तेव्हा काही वावगं वाटलं नाही. आज वाटतं. हळहळ वाटते. पण तिचा अधिकार मी नाकारत नाही. पत्रं तिला आली होती.

फरक इथंच आहे. ज्यानं लिहिलं आणि जिला लिहिलं, त्या दोघांनी काय करायचं ते करावं. आल्बेमार्ल स्ट्रीटच्या खोलीत लिहिणारा नव्हता. त्याची इच्छा काय ते मात्र सगळ्यांना माहीत होतं, आणि ती जाळण्याची नव्हती.

बायरनची ओळख नसलेला वाचक विरळा, पण दोन ओळींत सांगतो. १७८८ चा जन्म, उजवा पाय जन्मापासून अधू, दहाव्या वर्षी उमरावकी मिळाली. केंब्रिजला कुत्रा पाळायला बंदी म्हणून अस्वल पाळलं. १८१२ च्या फेब्रुवारीत हाउस ऑफ लॉर्ड्‌समध्ये विणकामाची यंत्रं फोडणाऱ्या विणकरांना फाशी देण्याच्या विधेयकाविरुद्ध भाषण केलं, मार्चमध्ये ‘चाइल्ड हॅरॉल्ड’ हे काव्य आलं आणि तो एका रात्रीत लंडनचा लाडका झाला. दोन वर्षांनी ‘द कॉर्सेअर’च्या दहा हजार प्रती पहिल्याच दिवशी खपल्या. मधल्या काळात विवाहित लेडी कॅरोलाइन लॅम्बशी प्रकरण झालं. तिनं तर पुढे त्याचं अक्षर हुबेहूब गिरवून खोटी चिठ्ठी लिहिली आणि मरेकडून त्याचं चित्र पळवलं. जानेवारी १८१५ मध्ये ॲनाबेलाशी लग्न, वर्ष सरताच ती पाच आठवड्यांची मुलगी घेऊन माहेरी गेली ती कायमची. ही मुलगी म्हणजे आदा, संगणकाच्या इतिहासात जिचं नाव येतं ती. ऑगस्टाशी त्याचे संबंध बहीणभावाच्या पलीकडचे आहेत अशी कुजबुज सुरू झाली. २५ एप्रिल १८१६ ला बायरननं इंग्लंड सोडलं, तो जिवंत परतला नाही.

तर अशा माणसानं स्वतःविषयी लिहिलेल्या वहीत काय काय असेल, या कल्पनेनंच लोकांच्या तोंडचं पाणी पळालं. गंमत अशी की बायरननं वही मूरला दिल्यावर थोड्याच दिवसांत मरेला पत्र लिहून सांगून टाकलं होतं की या कबुल्या नव्हेत, टिपणं आहेत. माझी प्रेमप्रकरणं मी गाळली आहेत, कारण दुसऱ्यांना अडचणीत आणायचं नाही. हॅम्लेट वगळून ‘हॅम्लेट’ नाटक करावं तसं हे झालं आहे. म्हणजे लिहिणाऱ्यानं स्वतःच कात्री लावली होती! ज्यांनी जाळलं त्यांनी या पत्रावर तरी विश्वास ठेवायला हवा होता. ते मरेच्याच कपाटात होतं.

मग जाळून साधलं काय? झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आपण म्हणतो, पण ती मूठ जिवंत माणसाची असावी लागते. राख झालेल्या वहीत लोक हवं ते वाचू लागले. इतकं भयंकर काय होतं की मित्रांनाच जाळावं लागलं? हा प्रश्न वहीपेक्षा जास्त बोलका ठरला, आणि त्याचा सर्वांत मोठा फटका जिला वाचवायचं होतं तिलाच, ॲनाबेलाला, बसला. ती १८६० साली वारली. १८६८ साली बायरनची इटलीतली प्रेयसी तेरेसा ग्विचोली हिनं त्याचे गोडवे गाणारं पुस्तक काढलं, त्यात बायको म्हणजे थंड, कोरडी बाई. ते वाचून अमेरिकेतली लेखिका हॅरिएट बीचर स्टो उसळली. ॲनाबेलानं तिला विश्वासात घेऊन काही सांगितलं होतं. तिनं १८६९ साली ‘अटलांटिक मंथली’त ऑगस्टाचं प्रकरण उघड लिहिलं. मासिकाचे हजारो वर्गणीदार तुटले, आणि शिव्या कोणाला बसल्या? स्टोबाईंना आणि मेलेल्या ॲनाबेलाला. पुरावा मागितला गेला, आणि पुरावा कुटुंबाच्या पेट्यांत बंद. शेवटी नातवानं, आदाच्याच मुलानं, १९०५ साली घरातली पत्रं खासगीरीत्या छापून आजीची बाजू मांडली. म्हणजे जिची बाजू लपवून जपायची होती, ती अखेर पत्रं दाखवूनच जपावी लागली. ऐंशी वर्षं फुकट गेली.

मूरची गोष्टही फारशी बरी नाही. पैसे परत केल्यावर त्यानं १८३० साली बायरनची पत्रं आणि रोजनिशी वापरून दोन खंडांत चरित्र काढलं, त्याच मरेकडे. चरित्र वाचनीय आहे, पण जागोजागी नावांच्या ठिकाणी फुल्या. आणि त्यानंतर बायरननं मूरला लिहिलेली बहुतेक मूळ पत्रं गायब झाली. आज ती जगात आहेत ती फक्त मूरनं छापली तशी, फुल्यांसकट. जाळणं निदान प्रामाणिक तरी असतं. राख राख दिसते. फुल्या मारून मूळ कागद हरवणं म्हणजे वाचकाला पूर्ण पत्र वाचल्याचा भास देऊन निम्मं देणं.

या सगळ्यात हॉबहाउस मला जास्त सतावतो. त्याचं बायरनवर प्रेम होतं, यात शंका नाही. पण वही आपल्याला न देता मूरला दिली याचं त्याला लागलेलं होतं, आणि तो तेव्हा पार्लमेंटचा सभासद होता; तरुणपणी बायरनबरोबर अल्बेनिया-ग्रीस फिरलेल्या माणसाला त्या वहीत आपलं काय निघेल याची धास्ती असणं अगदी स्वाभाविक. समलिंगी संबंधांना त्या काळी इंग्लंडात फाशी होती. जिवंत माणसाच्या बाबतीत हे भय खरं आहे आणि मी ते हसण्यावारी नेत नाही. म्हणून तर कुलूप हवं म्हणतो. पण त्याच वर्षी दुसरा प्रसंग घडला. बायरनचा एक दूरचा नातेवाईक, डॅलस, बायरननं आईला लिहिलेली पत्रं छापायला निघाला. हॉबहाउस मृत्युपत्राचा व्यवस्थापक या नात्यानं कोर्टात गेला आणि त्यानं मनाईहुकूम मिळवला. पुस्तक पुढे पॅरिसला निघालं. लिहिणाऱ्याला जे छापून हवं होतं ते यानं जाळायला लावलं; जे पत्रांच्या रूपात होतं ते कोर्टानं अडवलं. दोन्ही ठिकाणी बायरनचं काय उरावं हे ठरवणारा हात एकच.

हा हॉबहाउस आपला ओळखीचा आहे, फक्त आपण त्याला दुसऱ्या पानावर भेटतो. १८३५ ते १८४१ आणि पुन्हा १८४६ ते १८५२ तो बोर्ड ऑफ कंट्रोलचा अध्यक्ष होता, म्हणजे कंपनीच्या हिंदुस्थानच्या कारभारावरचा ब्रिटिश मंत्री. १८३९ साली साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना गादीवरून उतरवलं तेव्हा त्या खुर्चीत हाच. महाराजांवरचा एक आरोप काय होता? गोव्याच्या पोर्तुगीजांशी गुप्त पत्रव्यवहार. महाराजांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनमध्ये वर्षानुवर्षं उंबरे झिजवत होते. १८४८ साली महाराजांच्या जागी बसवलेले त्यांचे भाऊ अप्पासाहेब वारले, दत्तक नामंजूर झाला, सातारा खालसा झाला. तेव्हाही खुर्चीत हाच. आणि १८३९ सालीच अफगाणिस्तानच्या युद्धाचं समर्थन करायला पार्लमेंटपुढे जी कागदपत्रं ठेवली, त्यात काबूलहून ब्रिटिश वकील अलेक्झांडर बर्न्सनं पाठवलेल्या पत्रांतले तिथल्या अमिराला, दोस्त महंमदाला, अनुकूल भाग कापलेले होते. बर्न्स १८४१ साली काबूलमध्ये मारला गेला; त्याची पत्रं पूर्ण छापली गेली १८५९ साली. मित्राची वही आणि राज्याची कागदपत्रं एकाच मापानं मोजू नयेत, हे मान्य. तरी दुसऱ्याच्या पत्रातलं काय जगानं वाचायचं हे आपण ठरवू शकतो, ही खात्री दिवाणखान्यात आणि मंत्रालयात एकसारखीच दिसते, आणि दोन्हीकडे किंमत मोजली ती खोलीत नसलेल्या माणसानं.

कायद्याचं उत्तर या बाबतीत जुनं आणि अर्धवट आहे. १७४१ साली कवी अलेक्झांडर पोप आणि पुस्तकविक्या कर्ल यांच्या खटल्यात इंग्लंडच्या कोर्टानं ठरवलं की पत्राचा कागद ज्याला आलं त्याचा, पण त्यातले शब्द छापायचा हक्क लिहिणाऱ्याचा. आपल्याकडेही पत्रातल्या शब्दांवरचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्यामागे वारसांचाच. कागद एकाचा, शब्द दुसऱ्याचे. पण ज्या तिसऱ्या माणसाविषयी लिहिलं, त्याचं काय? कायद्याच्या या वाटणीत त्याच्या पानावर काहीच वाढलेलं नाही.

ही तिसरी माणसं बायरनच्या पत्रांत पोत्यानं आहेत, आणि इथं माझी बाजू थोडी लंगडी पडते हे मी कबूल करतो. व्हेनिसमधली मार्गारिता कोन्यी, एका बेकरीवाल्याची बायको. १८१९ च्या ऑगस्टमध्ये बायरननं तिचं लांबलचक वर्णन मरेला लिहून पाठवलं: तिचं भांडण, तिचं हसणं, तिनं घराचा ताबा कसा घेतला, शेवटी कालव्यात उडी कशी मारली. गद्य म्हणून ते अफलातून आहे. पण त्यातच त्यानं तिचा एक गुण नोंदवला आहे, की तिला लिहितावाचता येत नाही, त्यामुळे ती पत्रं पाठवून छळू शकत नाही. झालं. दोनशे वर्षं आपण मार्गारिताला बायरनच्या शब्दांत बघतोय, आणि तिचा शब्द एकही नाही. सगळी पत्रं जपली आणि छापली म्हणून सगळ्यांना न्याय मिळतो असं नाही. ज्याच्या हातात लेखणी होती त्याचंच उरतं.

तरी जाळायचं नाही, असंच मी म्हणेन, कारण जाळल्यानं मार्गारिताला काही मिळालं नसतं. उरलेल्या पत्रांमुळे निदान हे तरी दिसतं की लिहिणारा तिच्याशी कसा वागला. कवीचं चारित्र्य तपासायला मला पत्रं नकोत. ज्यांना ‘डॉन हुआन’ अश्लील वाटतं त्यांनी ते न वाचता ठेवावं. कवीच्या अंथरुणाचे पुरावे गोळा करून कविता बाद करणं हे साप म्हणून भुई धोपटणं आहे. आणि प्रेमप्रकरणांचे मसालेदार तुकडे वेचून समाजमाध्यमांवर फिरवणं ही तर नव्या काळातली फुल्या-पद्धत. फुल्या मारून मधलंच गाळायचे, आता मधलंच ठेवून बाकीचं गाळतात. बायरननंच ६ डिसेंबर १८१३ च्या रोजनिशीत लिहून ठेवलंय की माणूस इतरांपेक्षा स्वतःशीच जास्त खोटं बोलतो, आणि ही रोजनिशी प्रामाणिक असेल तर प्रत्येक पानानं आधीचं पान खोडून काढलं पाहिजे. पंचवीस वर्षांच्या पोराचं हे शहाणपण त्याच्या चरित्रकारांना पचायला दीडशे वर्षं लागली. एक पत्र पुरावा होत नाही. तीन हजार पत्रं शेजारी शेजारी ठेवली की माणूस दिसतो, आणि तो तीन हजार वेळा वेगळा असतो.

ती तशी ठेवली गेली आहेत, हे आपलं नशीब. लेस्ली मार्चंड या अमेरिकी प्राध्यापकानं १९७३ पासून बारा खंडांत बायरनची सगळी उपलब्ध पत्रं न कापता छापली. इंग्लंडमधला समलिंगी संबंधांचा कायदा तोवर, १९६७ साली, बदलला होता. मरे घराण्याचा सारा दप्तरखाना २००६ साली स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं ३ कोटी १२ लाख पौंडांना घेतला. ज्या घराच्या शेगडीत ती वही गेली, त्याच घरानं बाकीचा कागद न् कागद जपला होता, बायकांनी पाठवलेल्या केसांच्या बटांसकट. मरे मंडळींचं मला हेच कळत नाही.

त्या पत्रांतलं एक मला फार आवडतं. बोलोन्याला, ऑगस्ट १८१९ मध्ये, तेरेसा गावी नसताना तिच्या बागेत बसून बायरननं तिच्याच पुस्तकाच्या, मादाम द स्तालच्या ‘कोरिन’च्या, शेवटच्या कोऱ्या पानावर तिला प्रेमपत्र लिहिलं. इंग्रजीत! तेरेसाला इंग्रजी येत नव्हतं. त्यानं तसं लिहिलंही आहे: तुला हे शब्द कळणार नाहीत, दुसऱ्यांनाही कळणार नाहीत, म्हणून तर इटालियनमध्ये खरडले नाहीत. हे पत्र खासगी आहे की जाहीर? जिला लिहिलं तिला वाचता येत नाही, आणि जगातल्या निम्म्या वाचकांना येतं. बायरनला आपल्यासारखे वाचक मागून डोकावणार हे पक्कं ठाऊक होतं असं मला वाटतं.

पण सगळीच पत्रं अशी डोकावून वाचायच्या लायकीची ठेवलेली नव्हती. क्लेअर क्लेअरमाँटपासून बायरनला झालेली मुलगी अलेग्रा. तिचा ताबा त्यानं घेतला, क्लेअरच्या विनवण्यांच्या पत्रांना सरळ उत्तर देणं बंद केलं, आणि १८२१ च्या मार्चमध्ये चार वर्षांच्या पोरीला बान्याकाव्हालो गावच्या मठात ठेवलं. बायरन तेव्हा राहायचा त्या रावेन्नाहून हे गाव घोड्यावर काही तासांचं. त्या वर्षी मठातून मदर सुपिरिअरच्या पत्राबरोबर अलेग्राची चिठ्ठी आली. इटालियनमध्ये, नीट वळणाच्या अक्षरात: बाबा, इथं जत्रेचे दिवस आहेत, तुम्ही यावं असं फार वाटतं, मला खूप काय काय हवंय. बायरननं ती चिठ्ठी पुढे धाडून दिली, सोबत शेरा लिहून: पोर प्रामाणिक आहे पण माझी खुशामत काही करत नाही, बापाकडून जत्रेतला खाऊ हवाय म्हणून बोलावतेय.

जाळणाऱ्या मित्रांच्या हाती हा कागद लागला असता तर त्यांनी तो आधी जाळला असता, कारण यात ना व्यभिचार आहे ना बंड, फक्त एक कोडगा बाप आहे. तो वाचला, कारण त्याची भीती वाटावी इतका तो कोणाला महत्त्वाचा वाटला नाही.

तो जत्रेला गेला नाही. पुढच्या एप्रिलमध्ये अलेग्रा त्याच मठात तापानं वारली.